रमाईवरचे माझे भाषण आणि आईचा दम

गेल्या वर्षी ७ फेब्रुवारीला आमच्या वस्तीतल्या विहारात रमाई जयंतीच्या कार्यक्रमात मी चाळीस मिनिटे बोललो. विषय नेहमीचाच, त्यागमूर्ती रमाई. गोवऱ्या थापणे, एकामागून एक लेकरांचे जाणे, बाबासाहेब परदेशात असताना काढलेले उपाशी दिवस आणि शेवटी २७ मे १९३५. बायका पदराने डोळे पुसत होत्या. टाळ्या भरपूर मिळाल्या. माझी आई मागच्या बाजूला भिंतीला टेकून बसली होती. कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या वरच्या खोलीत ठेवायच्या होत्या. त्या घेऊन चढताना ती अर्ध्या जिन्यात थांबली. एक हात कठड्यावर, दुसरा छातीवर. मी खालून ओरडलो, "आई, आवर ना, मंडपवाला थांबलाय."

ती म्हणाली, "येते रे. जरा दम खाऊ दे."

हे वाक्य मी त्याआधी दोन वर्षे तरी ऐकत होतो. बाजारातून पिशवी आणताना, पाण्याचा हंडा चढवताना, बसस्टॉपवरून घरी येताना. प्रत्येक वेळी घरात त्याचे कारण तयार असायचे. वय झाले. रक्त कमी असेल. गॅस असेल. वय म्हणाल तर दाखल्याप्रमाणे एकोणपन्नास. दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे, म्हणजे गुरुजींनी टाकलेली, त्यामुळे एखादे वर्ष इकडेतिकडे. पण एकोणपन्नासाव्या वर्षी माणूस दहा पायऱ्यांवर थांबतो हे आम्हाला कोणालाच विचित्र वाटले नाही. आमच्या वस्तीत त्या वयाच्या बायका थांबतातच. आम्ही 'सर्वांना होते' याचा अर्थ 'काही झाले नाही' असा लावतो. समाजशास्त्रात एम.ए. करताना मी नेमके याच्या उलट शिकलो होतो: जे एकाच थरातल्या सगळ्यांना होते त्याचे कारण त्या थराच्या जगण्यात शोधायचे असते. परीक्षेत लिहिलेही होते. घरी आल्यावर विसरलो.

आई नाशिकमधल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात नऊ वर्षे हाउसकीपिंगला होती. रुग्णालयाची नव्हे, ठेकेदाराची माणूस. तिच्याकडे दुसरा मजला होता. त्या मजल्यावर हृदयरोग विभागाची ओपीडी आहे. म्हणजे ज्या बाकांवर लोक ईसीजीचा कागद हातात धरून बसलेले असायचे, त्या बाकांखालची फरशी ती दिवसातून दोनदा पुसायची. ओपीडीच्या वेळेत लिफ्ट सफाईवाल्यांसाठी नसायची. बादली आणि मॉप घेऊन जिना. शेवटच्या वर्षी ती मधल्या वळणावर थांबू लागली, तेव्हा सुपरवायझरने तिला सर्वांसमोर ऐकवले, "मावशी, तुम्ही हल्ली फार कामचुकार झाल्या."

कामचुकार. आळशी. फुकटे. हे शब्द आपल्या लोकांना नवीन नाहीत, सवलतींच्या वादात रोज तोंडावर फेकले जातात. पण इथे त्याचा अर्थ अगदी शब्दशः बघा. एका बाईच्या हृदयाची झडप बंद होत चालली आहे, रक्त पुढे जात नाही, फुप्फुसात पाणी साचते आहे आणि तिला हृदयरोग विभागाच्या दारात उभे करून सांगितले जाते की तू काम टाळतेस. तिने हे घरी सांगितले नाही. मला ते तिच्या मैत्रिणीकडून नंतर कळले. आईला लाज वाटली होती. रोग तिचा, अपमान तिचा आणि लाजही तिलाच.

१४ एप्रिलला आमच्या मंडळाने आरोग्य शिबिर घेतले. डीजेला फाटा देऊन शिबिर घेतले याचा आम्हाला अभिमान होता, फेसबुकवर तसे लिहिलेही. आई डॉक्टरांच्या चहाचे बघत होती. सगळे संपल्यावर मीच म्हणालो, आता तूही काढून घे. ईसीजी निघाला. कागदावर यंत्राने छापलेले होते की काही बदल आहेत, पण ते कशाचे ते सांगता येत नाही. घाई झालेल्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या लिहिल्या आणि "दाखवून घ्या एकदा" असे म्हणाले. तो कागद मी आमच्या शिबिराच्या फाइलमध्ये लावला. एकूण तपासणी इतके, ईसीजी इतके. आईचा ईसीजी अहवालातला एक आकडा झाला.

मग वैशाख पौर्णिमेला त्रिरश्मी लेणीवर गेलो. नाशिककरांना त्या पायऱ्या माहीत आहेत. बाहेरचे लोक पांडवलेणी म्हणतात, आपण त्रिरश्मी म्हणतो, कारण तिथल्या शिलालेखातच डोंगराचे ते नाव आहे. दरवर्षी आई वर जायची. त्या वर्षी पाव अंतरावर ती बाजूच्या दगडावर बसली. गाल जांभळट लाल झाले होते. मला वाटले उन्हाने. ती म्हणाली, "तू जा वर, वंदना सुरू होईल. मी इथूनच हात जोडते." आणि मी गेलो. आजही हे लिहिताना तिथे हात अडखळतो. मी वर गेलो, वंदना घेतली, ग्रुप फोटो काढला, तासाभराने खाली आलो. ती तिथेच बसली होती आणि शेजारच्या वस्तीतली एक अनोळखी मुलगी तिला पुठ्ठ्याने वारा घालत होती.

त्यानंतर मी तिला जवळच्या खासगी दवाखान्यात नेले. रात्री खोकला येतो, आडवे झाले की गुदमरते, दोन उशा लागतात, हे ऐकून डॉक्टरांनी दम्याचे निदान केले आणि पंप दिला. पावसाळाभर तिने पंप ओढला. फरक शून्य. मात्र एक झाले, आजाराला नाव मिळाल्यामुळे मी निवांत झालो.

सप्टेंबरमध्ये ती कामावरून येताना रिक्षात बेशुद्ध पडली. सरकारी रुग्णालयात नेले. तिथे रात्रपाळीला असलेला शिकाऊ डॉक्टर फार तर सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल. त्याने तिला डाव्या कुशीवर वळवले, आम्हाला गप्प राहायला सांगितले, शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांनाही गप्प केले आणि स्टेथोस्कोप छातीच्या डाव्या कडेला लावून बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याने असा प्रश्न विचारला जो दोन वर्षांत कोणीच विचारला नव्हता.

"मावशी, लहानपणी कधी सांधे सुजले होते का? तापाबरोबर?"

आई म्हणाली, "हो. पाचवीत होते तेव्हा. आधी गुडघा, मग तो उतरला तर दुसरा, मग घोटा. महिना-दीड महिना झोपून होते."

त्याने माझ्याकडे बघितले आणि म्हणाला, उद्या टू-डी इको करू, पण मला वाटते झडप आहे. (त्याचे आडनाव मी विचारले नाही. खरे सांगायचे तर विचारावेसे वाटले होते. आपल्याला ही सवय लागली आहे आणि ती का लागली तेही मला माहीत आहे.)

इकोचा कागद आला. त्यावरचे सगळे मी त्या डॉक्टरकडून समजून घेतले आणि इथे लिहितो, कारण आपल्यापैकी कोणाच्या तरी घरात हा कागद येणार आहे. हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्पे असतात. वरच्या कप्प्यात फुप्फुसातून शुद्ध रक्त येते, खालचा कप्पा ते सगळ्या अंगाला पाठवतो. दोन्हींच्या मधली झडप म्हणजे मायट्रल. निरोगी माणसात ती उघडली की वाट चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. आईची ०.९ होती. पाकळ्या जाड होऊन कडेने एकमेकींना चिकटल्या होत्या. वरचा कप्पा ताणून मोठा झाला होता. ईसीजीमधले ते 'काही बदल' म्हणजे त्याच ताणाची खूण होती. मागे तुंबलेल्या रक्ताचा दाब फुप्फुसात जात होता, म्हणून खोकला, म्हणून दोन उशा, म्हणून दमा समजला गेला. आणि जिन्यातच का? कारण चढताना हृदय जोरात धावते, प्रत्येक ठोक्यामधला वेळ कमी होतो आणि अरुंद वाटेतून रक्त उतरायला तोच वेळ तर हवा असतो. बसलेली बाई ठीक दिसते. बादली घेऊन चढणारी गुदमरते.

तिचे कोलेस्टेरॉल, साखर सगळे व्यवस्थित होते. हे मुद्दाम सांगतो. वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्या उघडा, हृदयविकार म्हणजे तूप, तेल, ताणतणाव, कॉर्पोरेट नोकरी, सकाळचे चालणे. तेही खरे आहे आणि आपल्यातही ते वाढते आहे. पण आईचे हृदय ना तुपाने बिघडले ना सोफ्यावर बसून. तिचा आजार घशापासून सुरू झाला होता.

लहान मुलांचा घसा एका विशिष्ट जंतूने धरतो, स्ट्रेप्टोकोकस त्याचे नाव. बहुतेक मुले बरी होतात. काहींच्या शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा त्या जंतूबरोबर स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयावरही हल्ला करते. हा संधिवाताचा ताप. साधारण पाच ते पंधरा वर्षांच्या वयात येतो. सांधे सुजतात, एकावरून दुसऱ्यावर जातात आणि काही आठवड्यांत पूर्ण बरे होतात. त्यामुळे सगळे विसरतात. झडप विसरत नाही. घसा पुन्हा पुन्हा येत राहिला तर पुन्हा पुन्हा ताप, पुन्हा पुन्हा व्रण, आणि वीस-तीस वर्षांनी जिना चढताना दम. वेळेवर पेनिसिलिन मिळाले तर हे सगळे टळू शकते. पेनिसिलिन १९४० च्या दशकापासून वापरात आहे. आईचा जन्म त्यानंतर तीस वर्षांनी झाला.

निफाड तालुक्यातल्या तिच्या गावी बौद्धवाड्यात दहा बाय बाराची पत्र्याची खोली होती आणि त्यात नऊ माणसे झोपायची. एकाला खोकला आला की सगळ्यांना. गुडघा सुजला तेव्हा आजीने एरंडाची पाने गरम करून बांधली. "वात आहे" म्हणाली. तालुक्याला न्यायचे म्हणजे दोघांची मजुरी बुडणार, म्हणून नेले नाही. दीड महिन्याने पोरगी उठली तेव्हा शाळेत नाव कमी झाले होते. मग तिला कांद्याच्या खळ्यावर निवडायला पाठवले. सतराव्या वर्षी मी झालो. धाकट्याच्या वेळी शेवटचे दोन महिने तिला झोपता येत नव्हते, भिंतीला टेकून बसून रात्र काढायची, पायांवर सूज. सुईण म्हणाली, बाळंतपणात होतेच. गरोदरपणात रक्त वाढते आणि अरुंद झडपेला ते पेलवत नाही, त्यामुळे अनेक बायकांचा हा आजार पहिल्यांदा तेव्हाच उघडा पडतो. आईचा आजार तेव्हा दार वाजवत होता. कोणी उघडले नाही. आणखी सव्वीस-सत्तावीस वर्षे ती राबली.

आता मुद्दा. जंतूला जात कळत नाही हे खरे आहे. पण एका खोलीत किती माणसे झोपतात हे त्याला कळते, आणि भारतात एका खोलीत किती माणसे झोपणार हे जात बऱ्याच अंशी ठरवते. युरोप-अमेरिकेत हा आजार पेनिसिलिन यायच्या आधीपासूनच कमी होऊ लागला होता. घरे सुधारली, गर्दी कमी झाली, पोट भरू लागले. आज श्रीमंत देशांत तो जवळजवळ दिसत नाही. आणि जिथे दिसतो तिथे कोणाला होतो? ऑस्ट्रेलियात आदिवासींना. न्यूझीलंडमध्ये माओरी आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्यांना. एकाच देशात, त्याच दवाखान्यांच्या सावलीत. २०१८ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने या आजारावर स्वतंत्र ठराव केला, कारण टाळता येणारा आजार गरिबांच्या अंगावर सोडून जग पुढे निघून गेले होते.

इथे एका आकड्याबद्दल बोलतो. 'यूएन विमेन'च्या २०१८ च्या अहवालात आले होते की भारतात दलित स्त्रीचे मृत्यूचे सरासरी वय उच्चजातीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. आपण तो पोस्टरवर 'दलित स्त्रीचे आयुर्मान १४ वर्षांनी कमी' असा लिहितो. ते चूक आहे. सरासरी आयुर्मान आणि मेलेल्यांचे सरासरी वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या समाजात लहान वयाची माणसे जास्त, तिथे दुसरा आकडा तसाही खाली येतो. विरोधक उद्या हे दाखवून सगळा मुद्दाच उडवून लावतील. म्हणून आकडा जसा आहे तसा सांगू या. तेवढाही पुरेसा भयंकर आहे. आणि त्या फरकाच्या आत काय काय असते? माझ्या मते त्यात एरंडाची पाने असतात, बुडणारी मजुरी असते, बंद लिफ्ट असते.

निदानानंतर मी आधी आई काम करायची त्याच रुग्णालयात गेलो. मोठ्या अपेक्षेने गेलो. धर्मादाय ट्रस्ट आहे, म्हणजे कायद्याने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देणे बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना आहे, शिवाय प्रत्येक बिलातून दोन टक्के निर्धन रुग्ण निधीसाठी बाजूला काढायचे असतात. नऊ वर्षे मागच्या दाराने आत जाणारी बाई त्या दिवशी पहिल्यांदा पुढच्या दाराने गेली. खिडकीवरच्या माणसाने सांगितले, त्या खाटा भरलेल्या आहेत. मी विचारले, यादी दाखवा. यादी दाखवली नाही. "त्या आमच्या स्टाफ नाहीत, काँट्रॅक्टरच्या आहेत," हेही ऐकवले. दुसऱ्या मजल्यावरची एक सिस्टर आईला ओळखून खाली आली, खुर्ची दिली, पाणी दिले. तिच्या हातात तेवढेच होते.

मग आईची पगाराची स्लिप बाहेर काढली. साडेअकरा हजारांच्या पगारातून दर महिन्याला ८७ रुपये कर्मचारी विम्याचे कापलेले. म्हणजे ईएसआयचा हक्क: मोफत उपचार, आजारपणाच्या रजेत ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार. कार्ड? कार्ड कधी मिळालेच नाही. कार्यालयात चौकशी केली तर तिच्या नावाची नोंदच नव्हती. पैसे कापले, भरले नाहीत. ठेकेदाराला फोन केला तर तो म्हणाला, "तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला प्रोसेस माहीत असेल."

हो, माहीत आहे. आणि थोडा इतिहासही माहीत आहे. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात प्रा. अडारकरांकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली गेली आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा त्याच पायावर उभा राहिला. तोवर बाबासाहेब कायदेमंत्री झाले होते. कामगाराचे आजारपण ही त्याची खासगी अडचण नव्हे, ती मालक आणि राज्य यांची जबाबदारी आहे, असा त्याचा अर्थ. आपण संविधानाच्या प्रती वाटतो, उत्तम करतो. पण वस्तीतल्या किती बायकांच्या स्लिपवर ईएसआय कापले जाते आणि किती जणींकडे कार्ड आहे, हे कधी मोजले? मी आता आमच्या गल्लीपुरते मोजतो आहे. तक्रार केली आहे, सुनावणी चालू आहे, त्यावर वेगळे लिहीन.

उपचार शेवटी मुंबईच्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले. केशरी रेशनकार्डावर आईच्या नावापुढे 'बाई' होते, आधारवर नव्हते. त्या दोन अक्षरांत पाच दिवस गेले. पण आरोग्यमित्र मुलगी चिवट होती, तिने काम करून घेतले. सरकारी दवाखान्यांबद्दल तक्रारी मलाही आहेत, जमिनीवर झोपलेले नातेवाईक मीही पाहिले, त्यांच्यातच झोपलो. तरी सांगतो, आईचे निदान सरकारी रुग्णालयात झाले आणि उपचारही सरकारी रुग्णालयातच झाले. ती बंद पडली किंवा विकली गेली तर आपण कुठे जाणार, याचा विचार करा.

छाती उघडावी लागली नाही. आधी अन्ननलिकेतून इको करून वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी नाही ना हे पाहिले, कारण गुठळी निसटून मेंदूत गेली तर लकवा. मग मांडीच्या शिरेतून नळी हृदयात नेली, दोन कप्प्यांमधला पडदा टोचून पलीकडे गेले आणि झडपेत फुगा फुगवून चिकटलेल्या कडा सोडवल्या. मी बाहेर बाकावर बसलो होतो. झडपेची वाट १.७ झाली. दुसऱ्या दिवशी आई वॉर्डातून संडासापर्यंत चालत गेली आणि परत आली, आणि येताना ती बोलत होती. चालता चालता बोलत होती. माझ्या लक्षात आले की कित्येक वर्षांत मी तिला चालताना बोलताना ऐकलेच नव्हते. मला वाटायचे तिचा स्वभाव शांत आहे.

बरी झाली असे म्हणणार नाही. झडप पुन्हा आकसू शकते, दरवर्षी इको करावा लागेल. काम सुटले. ठेकेदाराने ती रजेवर असतानाच दुसरी बाई लावली.

नातेवाईक भेटायला आले तेव्हा कोणीतरी म्हणाले, मागच्या जन्माचे काहीतरी असेल. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात, तथागतांच्या फोटोखाली बसून. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत साफ नाकारला, कारण तो दारिद्र्याचा आणि आजाराचा दोष ज्याला ते झाले त्याच्यावरच टाकतो आणि समाज मोकळा सुटतो. विनयातली एक गोष्टही मी त्या दिवशी सांगितली. हगवणीने आजारी, स्वतःच्या घाणीत पडलेला एक भिक्खू. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, आनंदासोबत त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले आणि मग संघाला जाब विचारला. गोष्ट सांगताना मला जाणवले की जाब विचारला जाणाऱ्यांत मीही आहे.

कारण या सगळ्यात ठेकेदार, सुपरवायझर, ट्रस्ट यांच्याइतकाच एक दोष आपल्या भाषेचाही आहे, आणि हे लिहिल्यावर काही जण रागावतील. आपण रमाईचा त्याग इतका गातो की सोसणे हाच आपल्या बायकांचा मोठेपणा ठरतो. रमाई तडफडून गेल्या. त्यांची चार लेकरे गेली. ती घटना अन्यायाची आहे, गरिबीने घेतलेल्या बळींची आहे. आपण तिला त्यागाचा सुगंध लावला. मागच्या रांगेतली बाई ते ऐकते आणि ठरवते की रमाईने एवढे सोसले तर मला जरा दम लागतो त्याचे काय घेऊन बसायचे. आईने मला नेमके हेच सांगितले, रुग्णालयात. "तुझं भाषण ऐकून तर मी आणखीच गप बसले." मी यावर काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते.

या जानेवारीत आमच्या मागच्या गल्लीतली बारा वर्षांची मुलगी शाळेत येईनाशी झाली. तिची आई सहज म्हणाली, आधी घसा धरला होता, मग गुडघा सुजला, आता घोटा. माझ्या आईने हातातले भांडे खाली ठेवले. त्याच दिवशी आम्ही तिघे सरकारी रुग्णालयात गेलो. इकोत झडपेला थोडी गळती निघाली, पण वेळेत सापडली. आता तिला दर एकवीस दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे बारा लाख युनिटचे इंजेक्शन घ्यायचे आहे, निदान बरीच वर्षे, म्हणजे नवीन घसा नाही आणि नवीन ताप नाही. जवळचे दवाखाने हे इंजेक्शन द्यायला तयार नाहीत, रिॲक्शनची भीती वाटते म्हणतात; त्यामुळे दर वेळी मोठ्या रुग्णालयातच जावे लागते. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतल्या मुलांची या आजारासाठी तपासणी व्हायला हवी. त्या मुलीच्या शाळेत पथक शेवटचे कधी आले, हे मी लेखी विचारले आहे.

मुलीच्या आईला दर एकवीस दिवसांनी खाडा परवडत नाही, म्हणून तिला माझी आई घेऊन जाते. घरातल्या कॅलेंडरवर तिने लाल पेनाने तारखांना गोल केले आहेत. येत्या गुरुवारी तिसरे इंजेक्शन आहे. त्या दिवशी जिल्ह्याची मिटिंग असल्याचे मी सांगितले, तर म्हणाली, "तुझी मिटिंग दुपारी आहे. सकाळी आम्हाला गाडीवर सोड, आणि पोरीला इंजेक्शन दुखतं, येताना तिच्यासाठी काहीतरी खायला घे."